वीरगळांसाठी संगणक : पहिल्या जुळणीच्या नोंदी

२४ ऑगस्ट २०२५, रविवार. सातारा

जुन्या मशीनने आज हात टेकले. शेजारच्या गावातल्या देवळापुढे जो वीरगळ आहे, म्हणजे लढताना पडलेल्या वीराचा कोरीव स्मारकदगड, त्याचे ११२ फोटो मेशरूममध्ये टाकले होते. फोटोंवरून त्रिमित प्रत बनवणारा हा प्रोग्राम. फोटो ओळीने लागले, कॅमेऱ्याच्या जागा सापडल्या, आणि डेप्थ मॅपच्या, म्हणजे फोटोतला कुठला भाग कॅमेऱ्यापासून किती लांब ते काढायच्या, पायरीवर तांबडा पट्टा. काम अडलं. कारण साधं आहे. ही पायरी एनव्हिडियाच्या कुडावर चालते, म्हणजे त्या कंपनीच्या ग्राफिक्स कार्डाकडून हिशेब करून घेते, आणि आमच्या मशीनमध्ये ग्राफिक्स कार्डच नाही. २०१५ साली दुकानदाराने बांधून दिलेला पीसी, आय५-४४६० प्रोसेसर, ८ जीबी डीडीआर३ रॅम. निकालपत्रकं आणि प्रश्नपत्रिका यांच्यापुरता उत्तम. कार्ड नसलं तर मेशरूम कच्चा आराखडा काढून देतं, पण त्यात घोडा कुठला आणि ढाल कुठली ते कळत नाही.

शिवाय १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा आधार संपतोय. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी लागते, आमची चौथी. म्हणजे नवीन मशीन घ्यायचंच. ठरवलं की या वेळी दुकानदाराकडून बांधून घ्यायचं नाही, सुटे भाग स्वतः निवडायचे आणि स्वतःच जोडायचे. त्यासाठी ही वही.

वीरगळांचं वेड कसं लागलं ते लिहीत बसत नाही. वाई तालुक्यातलं किकली एकदा पाहिलं की पुरतं. इतिहास शिकवणाऱ्या बाईने भैरवनाथाच्या आवारात एक दुपार काढावी आणि मग सुट्टीच्या दिवशी घरी बसून दाखवावं! एवढंच की हे दगड उघड्यावर आहेत. पाऊस, तेल, शेंदूर, आणि अलीकडे जीर्णोद्धारात घातलेली फरशी, ज्यात दगडाचा खालचा चौक (कोरीव चौकट) अर्धा बुडतो. आहेत तोवर त्यांची त्रिमित प्रत करून ठेवायची.

बजेट ८०,००० रुपये. मॉनिटर, कीबोर्ड, माऊस आणि २ टीबीची जुनी हार्ड डिस्क आहे तीच.


३० ऑगस्ट, शनिवार

गणपतीला भाचा आलाय, पुण्याहून. अभियांत्रिकीचं तिसरं वर्ष. आल्या आल्या मोबाईल पुढे केला. "मावशी, तुझी बिल्ड तयार आहे, बघ." यादीत १६ जीबीचं आरटीएक्स ५०६० टीआय ग्राफिक्स कार्ड, काचेचं कॅबिनेट, पाण्यावर चालणारा कूलर आणि सहा रंगीत पंखे. बेरीज १ लाख २० हजारांच्या वर.

मी म्हटलं, आधी माझं काम तुझ्या लॅपटॉपवर चालवून बघू. त्यात ६ जीबीचं आरटीएक्स ४०५० आहे आणि रॅम १६ जीबी. तेच ११२ फोटो टाकले आणि मोदक वळता वळता प्रत्येक पायरीला घड्याळ लावलं. फोटोंमधल्या खुणा शोधणं आणि जुळवणं २१ मिनिटं, त्या वेळी प्रोसेसर पूर्ण कामाला. डेप्थ मॅप ३८ मिनिटं, कार्ड पूर्ण कामाला, पण कार्डाची मेमरी साडेचार जीबीच्या वर एकदाही गेली नाही. मग मेशिंग, म्हणजे त्या सगळ्यातून दगडाचा अखंड पृष्ठभाग विणणं. इथे रॅम १५ च्या पुढे गेली, डिस्कचा दिवा लागला तो विझेचना, आणि ही एकच पायरी ७० मिनिटं चालली. रात्री आरती झाल्यावर दुसऱ्या दगडाचे २०० फोटो टाकून पाहिले. मेशिंगला येऊन काम बंद पडलं. मेमरी पुरली नाही.

भाचा थोडा हिरमुसला, कारण त्याच्या यादीत कार्ड ४५ हजारांचं होतं आणि रॅम १६ जीबी. गेम खेळणाऱ्याला ती यादी बरोबर आहे. माझा घोडा मेशिंगला अडतो. डेप्थ मॅपला वेळ लागला तर लागू दे. मी रात्री दहाला काम लावून झोपणार आहे, ते पहाटे तीनला संपलं काय आणि पाचला संपलं काय, मला फरक पडत नाही. रॅम संपली तर मात्र सकाळी हातात काहीच नसतं.

तेव्हा ठरलं : रॅम ६४ जीबी, ३२ च्या दोन स्टिक. कार्ड कुडा असलेलं सर्वांत स्वस्त.


४ सप्टेंबर, गुरुवार

प्रोसेसर आणि बोर्ड. चार दिवस यातच गेले.

जुना एएम४ सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा) स्वस्तात पडतो. त्यावरचा आठ कोअरचा रायझन ७ ५७००एक्स १३-१४ हजारांत आहे आणि मला कोअर हवेच आहेत. पण त्याला डीडीआर४ रॅम लागते, आणि कंपन्या डीडीआर४ चं उत्पादन आवरतं घेऊ लागल्यापासून या उन्हाळ्यात तिचेच भाव वर गेलेत. जुना माल महाग आणि नवा स्वस्त, हा उलटा बाजार मी पहिल्यांदाच पाहिला. शिवाय तो सॉकेट आता संपला. पुढे प्रोसेसर बदलायचा तर बोर्डही बदला.

इंटेलचा आय५-१२४०० पण पाहिला. भाव चांगला, पण त्याही सॉकेटची गाडी शेवटच्या थांब्यावर आहे.

एएम५ सॉकेट २०२२ साली आला आणि २०२७ पर्यंत तरी तो चालवू असं एएमडीने सांगितलंय. त्यावर रायझन ५ ७६०० : सहा कोअर, बारा थ्रेड, ६५ वॅट, पंखा डब्यातच मिळतो. साधारण साडेसतरा हजार. याच जातीतला ७५००एफ थोडा स्वस्त आहे आणि भाच्याचं म्हणणं तोच घे. मी ७६०० वर अडून बसले, कारण त्याच्या पोटात छोटं ग्राफिक्स आहे आणि ७५००एफ मध्ये ते नाही. त्या छोट्या ग्राफिक्सवर मॉनिटर चालवायचा, म्हणजे वायर बोर्डाच्या मागे लावायची, कार्डाच्या मागे नाही. एरवी ही नवशिक्याची चूक समजतात. कार्ड घेऊन वायर बोर्डाला लावली म्हणून लोक हसतात. मला मात्र कार्डाची सगळी ६ जीबी फक्त हिशेबाला हवीय. खिडक्या आणि माऊसचा बाण काढायला ती खर्च का करू?

बोर्डाचंही असंच. रॅमच्या चार खाचांचा बोर्ड घ्यावा, पुढे रॅम वाढवता येईल, असं सगळेच सांगतात. पण एएमडीच्या तक्त्यात या प्रोसेसरला दोन स्टिक असतील तर ५२०० चा वेग, आणि चार असतील तर ३६०० चा. म्हणजे उरलेल्या दोन खाचा भरल्या की मशीन हळू होणार. मग त्या खाचांचे पैसे कशाला मोजायचे? दोन खाचांचा बी६५०एम बोर्ड, एसएसडीसाठी दोन एम.२ जागा असलेला. १०,८०० पर्यंत.

कार्ड : आरटीएक्स ३०५०, ६ जीबीचं. ७० वॅट. वेगळी वीजवायरही लागत नाही, बोर्डाकडूनच वीज घेतं. गेमवाले याला नाक मुरडतात. एएमडीचं याहून दमदार कार्ड थोडे पैसे टाकून मिळतं, पण कुडा नाही, म्हणून तो विषय तिथेच संपला.


९ सप्टेंबर, मंगळवार

यादी तयार. ६४ जीबी रॅमचा जोड १७,८०० ला दिसतोय. सगळं मिळून ७६,९०० होतात. ऑर्डर टाकायला बसले तर आई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, "काल पितृपक्ष लागला गं. नवी वस्तू आता घरात नको. घटस्थापना होऊ दे."

मी वाद घातला नाही. पंधरा दिवसांनी काय बिघडतंय? शिवाय शाळेत सगळे म्हणताहेत की २२ तारखेपासून जीएसटी उतरतोय, तेव्हा थांबलेलंच बरं.


१४ सप्टेंबर, रविवार

खरेदी बंद असली तरी दुरुस्तीला बंदी नाही, असा आईंनीच निवाडा दिल्यामुळे आज अर्थिंगचं काम काढलं. जुन्या कॅबिनेटला अनवाणी हात लावला की बारीक मुंग्या येतात. दहा वर्षं आम्ही चप्पल घालून संगणक वापरतोय आणि कुणाला त्यात काही वाटलं नाही!

वायरमनने मीटर लावून दाखवलं. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३४ व्होल्ट, ठीक. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीनच्या आत असायला हवेत, तिथे ४१. बोर्डावर तीन पिनांचं सॉकेट आहे, पण तिसऱ्या पिनेची तार भिंतीत कुठेतरी संपते. घर जुनं, वाड्याचं वायरिंग, वरून प्लास्टिकच्या पट्ट्या मारून नवं केलेलं. एसएमपीएसच्या, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, आत फिल्टर असतो, त्यातून थोडी वीज कॅबिनेटकडे येते आणि ती अर्थमधून जमिनीत जायला हवी. वाट नसली की ती आमच्या बोटांतून जाते.

मागच्या परसात खड्डा खणला, कोळसा आणि मीठ थराथराने भरलं, जीआय पाईप उभा केला, तिथून संगणकाच्या खोलीपर्यंत हिरवी तार. संध्याकाळी मीटर पुन्हा लावलं तर १.८ व्होल्ट. उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी ओतत राहायचं, असं वायरमन बजावून गेला. हे काम बजेटबाहेर धरलं, घराच्या खात्यावर.

यूपीएस ६०० व्हीएचा आहे, म्हणजे साधारण ३६० वॅट. नव्या मशीनचा हिशेब : प्रोसेसर फार तर ८८, कार्ड ७०, बाकी सगळं मिळून ५०. दोनशेच्या आसपास. यूपीएस पुरतो, फक्त आतली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी मेलीय, ती बदलायची. एसएमपीएस ५५० वॅटचा, ८० प्लस ब्रॉन्झ. दोनशे वॅटच्या मशीनला एवढाही जास्तच आहे, पण पाच-सहा वर्षांनी कार्ड बदलेन तेव्हा तो तसाच राहील. नाव न ऐकलेल्या कंपनीचा '७५० वॅट' लिहिलेला डबा दोन हजारांत मिळतो. उचलून पाहिला तर पोह्याच्या डब्यापेक्षा हलका.


२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना

नवे जीएसटी दर आजपासून. सकाळी उत्साहाने भाव पाहिले, एक रुपया उतरला नाही. मग नीट वाचलं. संगणकाचे भाग आधीही १८ टक्क्यांत होते, आताही १८ टक्क्यांतच आहेत. २८ वरून १८ वर आलेत ते ३२ इंचांपेक्षा मोठे टीव्ही आणि मॉनिटर. माझा मॉनिटर २२ इंची आणि तोही जुना. पेपरातला मथळा वाचला, खालचा तक्ता वाचला नाही. मुलांना याच गोष्टीवरून मी रोज बोलते.

रॅमचा जोड आज १८,६०० झालाय. आठशे वाढले. फार नाही.


२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

पहाटेच्या एसटीने स्वारगेट. तिथून मेट्रोने एकच स्टेशन, मंडई, जमिनीखालून. वर आलं की झेंडूच्या ढिगांतून वाट काढत बुधवार पेठ. तापकीर गल्लीत शिरल्यावर आधी विजेच्या माळा, मग सीसीटीव्ही, मग कुठे आपलं सामान. भाचा आधीच येऊन उभा होता.

दुकानात पहिला प्रश्न, "कुठला गेम खेळणार?" मी वीरगळ म्हटल्यावर काउंटरवरच्या मुलाने भाच्याकडे पाहिलं. पण मालक पाटणकडचे निघाले. त्यांच्या गावच्या पारावरही तसे दगड आहेत म्हणे, 'लढाईचे दगड' म्हणतात. मग खुर्ची मिळाली, चहा आला.

प्रोसेसर त्यांनी आधी बिनडब्याचा काढला, ट्रेवाला, हजार रुपये कमी. त्याला कंपनीची हमी नसते, दुकानाची एक वर्ष. डब्यातल्याला तीन वर्षं. डबाच घेतला, सील स्वतः पाहून. प्रत्येक वस्तूचा सीरियल नंबर पक्क्या बिलावर लिहून घेतला. तो नसेल तर हमीच्या वेळी तुम्हीच हे विकत घेतलं याला पुरावा नाही. यात अर्धा तास गेला आणि भाच्याला लाज वाटली. मला वाटली नाही.

एसएसडी १ टीबी, चौथ्या पिढीची एनव्हीएमई. दोन निघाल्या, एक पाचशेने स्वस्त. भाच्याने मोबाईलवर पाहून सांगितलं की स्वस्त आहे ती क्यूएलसी. एका पेशीत चार बिट कोंबतात, म्हणून सलग मोठं लिहायला घेतलं की थोड्या वेळाने वेग पडतो. मेशरूम एका दगडामागे कित्येक जीबी मधल्या फाईली लिहितं. दुसरी, एका पेशीत तीनच बिट ठेवणारी टीएलसीच घेतली. कॅबिनेट जाळीच्या तोंडाचं, धुळीची गाळणी काढून धुता येते ते. काच नको म्हटलं तरी एका बाजूला काच आहेच. हल्ली त्याशिवाय मिळत नाही.

प्रोसेसर १७,६००, बोर्ड १०,८००, कार्ड १६,५००, एसएसडी ६,१००, एसएमपीएस ४,७००, कॅबिनेट ३,४००. एकूण ५९,१००.

आणि रॅम. ३२ च्या साध्या दोन स्टिक संपल्या होत्या. दिवे लागणारा जोड होता, २२,५०० ला. साधा जोड कालपर्यंत १९,८०० ला होता म्हणे. मालक म्हणाले, "ताई, दिवाळीत नवा माल येतोय, भावही उतरेल. दिव्यांचे पैसे कशाला देताय?" मलाही ते पटलं. दिव्यांचे पैसे द्यायचे नाहीत हे तर माझंच तत्त्व.

परतीच्या एसटीत कॅबिनेट मांडीवर. कंडक्टरने अर्धं तिकीट मागितलं नाही, एवढंच.


१४ ऑक्टोबर

विंडोज १० आज संपलं. जुनं मशीन तसंच सुरू आहे, त्याला काही कळलेलं नाही.


२१ ऑक्टोबर. लक्ष्मीपूजन

साधा जोड २४,५००. चढलेलं उतरतंच, असं म्हणून थांबले.


१५ नोव्हेंबर, शनिवार

उतरलं नाही. आज जोडाचा भाव ३८,०००.

एव्हाना कारण सगळीकडे छापून आलंय. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात. एआयच्या डेटा सेंटरना लागणाऱ्या मेमरीत पैसा जास्त, म्हणून कारखान्यांचा ओढा तिकडे. आपल्यासारख्यांच्या वाट्याला उरलेलं, आणि उरलेल्यावर सगळे तुटून पडलेले. म्हणजे अमेरिकेत कुणीतरी एआयला प्रश्न विचारतंय आणि साताऱ्यातला वीरगळ अडतोय. गंमत वाटली असती, पैसे माझे नसते तर.

तीन वाटा होत्या. थांबायचं : पण सहा कप्पे भरून सामान कपाटात पडलंय आणि त्याची हमी चालू झालीय. भाग एकेक करून घेण्यातला हा तोटा आधी लक्षात आला नाही. वस्तू खराब निघाली तर ती आत्ता कळायला हवी, वर्षाने नाही. दुसरी वाट १६ च्या दोन स्टिक. भाच्याचा आग्रह हाच, कारण जोडीने लावल्या की मेमरीचा रस्ता दुप्पट रुंद होतो. पण दोन खाचांच्या बोर्डात दोन्ही भरल्या की ६४ ला जाताना दोन्ही काढून टाकाव्या लागतील. तिसरी वाट ३२ ची एकच स्टिक. रस्ता अर्धा, पण एक खाच रिकामी राहते.

तिसरी घेतली. १८,९००. सप्टेंबरात दोन स्टिक मिळत होत्या त्याहून ही एक अकराशेने महाग. एकूण ७८,०००, बजेटच्या आत आहे हेच समाधान. आईंना मेमरीचे भाव सांगितलेले नाहीत.


२२ नोव्हेंबर, शनिवार

जोडणी. स्वयंपाकघरातला मोठा पाट धुऊन-पुसून घेतला. लाकडी, सपाट, बैठकीला सोयीचा. हवा कोरडी झालीय, म्हणून स्वेटर काढून ठेवला आणि दर थोड्या वेळाने एसएमपीएसच्या धातूला हात लावत राहिले. त्याची वायर भिंतीत लावलेली पण बटण बंद, म्हणजे अंगातली स्थिर वीज परसातल्या खड्ड्यात. मिठा-कोळशाचा पहिला उपयोग.

प्रोसेसर बसवताना पाच मिनिटं नुसतं पाहत बसले. या सॉकेटात पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डाला असतात, १७१८. एक वाकली की बोर्ड गेला. सोन्याचा त्रिकोण कोपऱ्याला जुळवून ठेवला, तो आपला आपण बसला, दाबावं लागलंच नाही. जोर लागला तो नंतरच्या दांडीला. ती खाली नेताना जो कुर्र आवाज आला त्याने पोटात गोळा आला. आवाज यायलाच हवा असतो म्हणे, पण हे आधी कुणी सांगितलं नव्हतं.

पंख्यासाठी सॉकेटच्या दोन बाजूंचे प्लास्टिकचे आकडे काढायचे, मग चार स्क्रू कर्णाकर्णाने थोडे थोडे पिळायचे, सायकलच्या चाकाचे नट पिळतात तसे. पेस्ट पंख्याला आधीच लावलेली होती.

मग चूक. कॅबिनेटमध्ये बोर्ड उभा करायचे पितळी खुंट कारखान्यातूनच बसवलेले होते, मोठ्या बोर्डाच्या मापाने. माझा बोर्ड लहान. दोन खुंट अशा जागी, जिथे माझ्या बोर्डाला भोकच नाही. तसाच बसवला असता तर ते पाठीमागच्या झाळकामाला टेकले असते. हे बोर्ड आत ठेवून स्क्रू शोधताना लक्षात आलं, म्हणून सगळं पुन्हा बाहेर. दुसऱ्यांदा बसवला, सगळ्या गोष्टी जागच्या जागी, आणि मग कळलं की प्रोसेसरची वीजवायर वरच्या डाव्या कोपऱ्यात जाते आणि आता तिथे बोटही शिरत नाही. पुन्हा बाहेर. ती वायर आधी ओढून ठेवायची, मग बोर्ड. जेवायला चार वाजले.

पुढच्या बटणांच्या बारीक वायरी आईंच्या चष्म्याने लावल्या. माझ्या चष्म्याचा नंबर वाढलेला दिसतोय.


२३ नोव्हेंबर, रविवार

बटण दाबलं. पंखे फिरले. मॉनिटर काळा.

बोर्डावर एक बारीक पिवळा दिवा, शेजारी डीरॅम असं लिहिलेलं. म्हणजे रॅममध्ये गडबड. दोन मिनिटं पाहिलं, बंद केलं. स्टिक काढून पुन्हा बसवली, दोन्ही टोकांना टक् असा आवाज येईपर्यंत. पुन्हा काळा, पुन्हा तोच दिवा. खाच बदलली. तेच. १८,९०० रुपये डोळ्यांपुढे नाचू लागले. भाच्याला फोन केला.

"किती वेळ थांबलीस?"

"दोन मिनिटं. तीनदा."

"मावशी, बंद करू नकोस. चहा टाक जा."

डीडीआर५ लावून पहिल्यांदा सुरू केलं की बोर्ड त्या स्टिकशी कुठल्या वेळेने बोलायचं ते तपासून ठरवतो. त्याला ट्रेनिंग म्हणतात, आणि ते कित्येक मिनिटं चालू शकतं. मी दर वेळी मध्येच वीज तोडून त्याला पहिल्या पाठावर आणत होते. स्टिक पुस्तिकेत सांगितलेल्या खाचेत परत लावली, बटण दाबलं आणि खरंच चहा टाकला. आलं किसून होतं तोवर बाहेरून आईंचा आवाज, "अगं, काहीतरी उजळलं."

विंडोज विकत घ्यायचं नाही हे आधीच ठरलं होतं. उबुंटू २४.०४ टाकलं. कार्डाचा ड्रायव्हर त्याच्याच यादीतून मिळाला. मराठी टायपिंगचा इनस्क्रिप्ट कीबोर्डही आहे. रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) लावून झोपले.


३० नोव्हेंबर, रविवार

मेमटेस्टच्या चार फेऱ्या, एकही चूक नाही. मग तेच ११२ फोटो. खुणा आणि जुळवणी १४ मिनिटं. डेप्थ मॅप ५३ मिनिटं, भाच्याच्या लॅपटॉपहून पंधरा मिनिटं जास्त. हे ठाऊक होतं, मान्य करून घेतलेलं होतं. मेशिंग १७ मिनिटं, आणि त्या वेळी रॅम २१ जीबीपर्यंत गेली. लॅपटॉपवर याच पायरीला ७० लागली होती. एकाच स्टिकने किती वेग गमावला हे मात्र दुसरी आल्याशिवाय मोजता येणार नाही.

२०० फोटोंचा दगडही पार पडला. रॅम ३० च्या पुढे गेली आणि थोडा भार डिस्कवर पडला, पण निभावलं. म्हणजे सुटे दगड या मशीनवर होतील. अख्खं देऊळ आवारासकट एकदम करायचं तर दुसरी स्टिक हवी.

मॉडेलवरचा रंग काढून टाकला आणि नुसत्या करड्या पृष्ठावर बाजूने तिरपा प्रकाश पाडला. शेंदराच्या तांबड्या रंगामुळे खालचा चौक मला नेहमी सपाट वाटायचा. आडवा पडलेला वीर तेवढा दिसे. आता त्याच्या मागे तीन शिंगं दिसताहेत, आणि एक पाठ. आई खुर्चीमागे उभ्या होत्या. "गाई आहेत की या," त्या म्हणाल्या. गोधन सोडवताना पडलेला असणार. मी त्या दगडापुढे किमान वीस वेळा बसले आहे.


४ डिसेंबर, गुरुवार

काल मायक्रॉनने जाहीर केलं की क्रूशियल नावाने किरकोळ ग्राहकांना रॅम आणि एसएसडी विकणं बंद करणार. माल फेब्रुवारी २०२६ पर्यंत येत राहील, आधी विकलेल्याची हमी चालू राहील. माझी स्टिक क्रूशियलचीच. तिची जोड पुढे त्याच नावाने मिळणार नाही, तेव्हा वेग आणि टायमिंगचे आकडे आत्ताच वहीत उतरवून ठेवले : ५६००, सीएल ४६, १.१ व्होल्ट. दुसऱ्या कंपनीची घेताना हेच आकडे जुळवायचे. जोडाचा भाव आज पाहिला नाही.

यूपीएसची नवी बॅटरी बसवली. भिंतीतली वायर काढून पाहिलं, मेशरूम चालू असताना अकरा मिनिटं टिकला. काम थांबवून नीट बंद करायला पुरेत.

आज रात्रीसाठी : पाराजवळचा तुटका दगड, १४६ फोटो, वरचा कलश नाही. दहाला लावायचं.